जुन्या वर्कस्टेशनवर व्हिम बसवताना : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

काम सरळ शब्दांत असं आहे: प्रयोगशाळेतल्या सगळ्या जुन्या वर्कस्टेशनवर एकच टेक्स्ट एडिटर हवा, एकाच आवृत्तीचा आणि एकाच सेटिंगचा. सध्या प्रत्येक टेबलाची तऱ्हा वेगळी आहे. कुठे व्हिम या एडिटरची ७.४ आवृत्ती, कुठे ८.२, कुठे नुसता व्हीआय (त्याचा जुना पूर्वज), आणि विंडोजवर नोटपॅड. एका मशीनवर तयार केलेली सेटिंगची फाइल दुसऱ्यावर उघडली की सुरुवातीलाच चुकांची रांग लागते. मोजमापाच्या स्क्रिप्टमध्ये रोज काही ना काही बदलावं लागतं. ज्याला टेबल बदलावं लागतं, त्याचा निम्मा वेळ इथे काय चालतं आणि काय नाही हे आठवण्यात जातो.

मशीन बदलून टाका, हा सल्ला सगळीकडून येतो. पण उपकरणांची कार्डं जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतात आणि त्यांचे ड्रायव्हर ठरावीक सिस्टिमवरच चालतात. एवढी नीट चालणारी उपकरणं केवळ एडिटरपायी मोडीत काढावीत, हे मला पटत नाही.

आज यादी पुरी केली. ‘अ’ गट: ३२ बिटची मशीन, अ‍ॅथलॉन एक्सपी आणि काही पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार). ‘ब’ गट: कोअर टू ड्युओ, ६४ बिट, काहींवर सेंटओएस ७ (हेही लिनक्सच) आणि काहींवर डेबियन ११. ‘क’ गटात विंडोज ७ ची ३२ बिटची मशीन. सगळी बाहेरच्या इंटरनेटपासून तोडलेली आहेत, पॅकेज (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) आतल्या सर्व्हरवरच्या प्रतीतून येतात. सेंटओएस ७ चा आधार (नव्या दुरुस्त्या मिळणं) ३० जून २०२४ ला संपला आहे, त्यामुळे ती तोडलेलीच राहू देत.

७ जानेवारी, मंगळवार

‘अ’ गटातल्या एका मशीनवर पॅकेजची यादीच ताजी होईना. तक्रार अशी की सर्व्हरवरची रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, वैध व्हायला बरेच दिवस बाकी आहेत. यादी जुनी झाल्याची तक्रार नेहमीची, पण ‘अजून व्हायची आहे’ म्हटलं की नजर थेट घड्याळाकडे गेली पाहिजे. तारीख पाहिली तर मशीन कित्येक वर्षं मागे होतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला, त्यामुळे वीज गेली की वेळ जाते.

सेल बदलला, वेळ आतल्या सर्व्हरशी जुळवून घेतली, यादी लगेच आली. बाकीच्या मशीनचे सेलही आजच तपासून घेतले. हे आधी उरकणं फार गरजेचं होतं. ‘मेक’, म्हणजे सोर्सपासून (लिहिलेल्या कोडपासून) प्रोग्रॅम बांधणारं अवजार, कोणती फाइल पुन्हा कंपाइल करायची हे फाइलींच्या वेळांवरून ठरवतं. मशीन मागे असेल तर सोर्स ‘भविष्यातला’ ठरतो, आत्ताच तयार झालेली ऑब्जेक्ट फाइल त्याहून जुनी दिसते, आणि तेच काम पुन्हा पुन्हा होत राहतं. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांचंही तसंच. मागे पडलेल्या मशीनला चांगलं प्रमाणपत्रही ‘अजून सुरू न झालेलं’ दिसतं, आणि मग लोक तपासणीच बंद करून फाइल उतरवतात. ते आपल्याकडे होऊ द्यायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

तरुण सहकाऱ्यांना व्हीएस कोड हा मायक्रोसॉफ्टचा एडिटर हवा आहे. त्यांची इच्छा रास्त आहे, म्हणून आधी तोच तपासला. लिनक्सवरची ३२ बिटची आवृत्ती २०१९ मध्येच थांबली, तेव्हा ‘अ’ गट बाद. सेंटओएस ७ वर आजची आवृत्ती सुरूच होत नाही. जीलिबसी (लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूलभूत सी लायब्ररी) २.२८ सापडत नाही, एवढं सांगून बंद होते. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या १.८६ पासून ही अट आहे आणि सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे. विंडोज ७ साठी १.७० हा शेवटचा टप्पा, २०२२ मधला. म्हणजे तीन गटांत तीन वेगळी उत्तरं, आणि आपलं मूळ दुखणं तर तेच आहे.

यावर कुणीतरी लगेच सुचवलं, नव्या मशीनवरची जीलिबसीची फाइल आणून जुन्याच्या जागी ठेवू. इथे ठासून लिहून ठेवतो: हे कुणीही करू नये. फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या कमांडपासून लॉगिनपर्यंत जवळजवळ सगळं त्या एका लायब्ररीवर उभं आहे. ती अदलाबदल मध्येच फसली तर परत आणायला साधी कॉपीची कमांडही चालत नाही, आणि बाहेरच्या डिस्कवरून मशीन सुरू करावं लागतं.

१३ जानेवारी, सोमवार

आज रस्ट या भाषेत लिहिलेला, टर्मिनलवर चालणारा एक तयार एडिटर ‘अ’ गटात लावून पाहिला. पेंटियम ४ वर चालला. अ‍ॅथलॉन एक्सपीवर ‘बेकायदा सूचना’ एवढे दोन शब्द आणि प्रोग्रॅम बंद. दोन्हीकडे तोच डेबियन, तीच पॅकेज, तीच बायनरी (मशीनवर थेट चालणारी फाइल). फाइल खराब उतरली असेल असं आधी वाटतं, पण चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत होता.

कर्नलच्या लॉगमध्ये नेमकी नोंद मिळाली: अमान्य ऑपकोड (प्रोसेसरला न कळणारी सूचना), आणि तो कुठल्या पत्त्यावर आला ते. डीबगरमध्ये त्या पत्त्यावरची सूचना वाचली. पूर्णांकाचं दुहेरी अचूकतेच्या दशांश संख्येत रूपांतर करणारी, एक्सएमएम रजिस्टर वापरणारी सूचना. ती एसएसई२ या प्रोसेसर-सूचनांच्या संचातली आहे. मग प्रोसेसरच्या माहितीतली फ्लॅगची ओळ पाहिली. अ‍ॅथलॉन एक्सपीच्या ओळीत एसएसई आहे, एसएसई२ नाही. पेंटियम ४ च्या ओळीत दोन्ही आहेत.

कारण असं की एसएसई२ पहिल्यांदा पेंटियम ४ मध्ये, २००० साली आलं. एएमडीकडे ते २००३ च्या अ‍ॅथलॉन ६४ च्या पिढीपर्यंत आलंच नाही. रस्टचं ३२ बिटचं नेहमीचं लक्ष्य पेंटियम ४ गृहीत धरून चालतं. गो भाषेनेही १.१६ पासून ३२ बिटच्या नेहमीच्या बायनरीसाठी एसएसई२ ची अट घातली आहे. म्हणजे ‘३२ बिट’ एवढ्या लेबलावर भागत नाही. तयार बायनरी घेताना ती कुठल्या प्रोसेसरसाठी बांधली आहे हे विचारलंच पाहिजे.

डेबियन ११ ची स्वतःची ३२ बिटची पॅकेज मात्र आय६८६ च्या (एसएसई२ न मागणाऱ्या जुन्या प्रोसेसरच्या) पातळीला बांधलेली असतात, तिचा जीसीसी कंपाइलरही मूळ सेटिंगमध्ये त्याच पातळीचा कोड देतो. तेव्हा निर्णय झाला: सोर्स घ्यायचा आणि आपल्याच मशीनवर बांधायचा. एडिटर व्हिम ९.१, जानेवारी २०२४ मध्ये आलेला. सी भाषेतला, मोजक्या लायब्ररींवर चालणारा, तिन्ही गटांवर बसू शकणारा. व्हीएस कोडवाल्यांना आज समोर बसवून कारण सांगितलं. नाराजी आहे, पण कारण पटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

‘अ’ गटाचं बांधकाम. कन्फिगरची, म्हणजे बांधणीआधी मशीन तपासण्याची, पायरी टर्मिनल लायब्ररी मिळत नाही म्हणून थांबली. ती लायब्ररी, एनकर्सेस, मशीनवर होती, पण तिचं डेव्हलपमेंटचं पॅकेज नव्हतं. चालवायला लागते ती लायब्ररी वेगळी आणि बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या, नव्या माणसाचं घोडं बहुतेक इथेच अडतं. पॅकेज टाकलं, पुढे सरकलं.

प्रोसेसर ओळखून त्याच्यासाठीच कोड काढण्याचा पर्याय मुद्दाम दिला नाही. अ‍ॅथलॉनवर तसं बांधलं तर पेंटियम ४ वर नसलेल्या सूचना आत येण्याची शक्यता राहते, आणि ही बायनरी दोन्हींवर जायची आहे. एडिटरला त्या वेगाची गरजही नाही.

एका मशीनवर मात्र कंपाइलर स्वतःच कोसळला, ‘अंतर्गत चूक’ म्हणून. पुन्हा चालवलं तर आधीची फाइल सुरळीत पार पडली आणि दुसरीच फाइल कोसळली. त्यानंतर तिसरीच. सोर्समध्ये किंवा कंपाइलरमध्ये दोष असता तर तो दर वेळी एकाच ओळीवर आला असता. जागा बदलत असेल तर पाणी रॅममध्ये मुरतंय असं समजावं. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला, पहिल्याच फेरीत चुका दिसल्या. मशीन बाजूला काढलं. त्यावर गेले काही महिने मोजमापंही घेतली जात होती. त्या काळातल्या नोंदी पुन्हा तपासाव्यात असं संबंधित मॅडमना लेखी कळवलं. हे एडिटरच्या कामातून हाती आलं, पण एडिटरपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

२० जानेवारी, सोमवार

‘ब’ गटात दोन सिस्टिम आणि बायनरी एकच हवी. प्रश्न: कुठे बांधायची?

पडताळणीसाठी दोन्हीकडे बांधून पाहिलं. डेबियन ११ वर बांधलेली सेंटओएस ७ वर चालत नाही, ती जीलिबसी २.२९ मागते. व्हिमला इतकं नवीन नेमकं काय लागतं? ऑब्जेक्ट फाइल उलगडून दाखवणाऱ्या अवजाराने चिन्हांची (बायनरी बाहेरून मागते त्या फंक्शनच्या नावांची) यादी काढली. २.२९ चा शिक्का (आवृत्तीची खूण) होता तो पॉव, एक्स्प, लॉग अशा गणिती फंक्शनवर. व्हिमच्या स्क्रिप्ट भाषेत दशांश संख्यांचं गणित असतं, त्यासाठी ती लागतात. जीलिबसीने २.२९ मध्ये, २०१९ साली, या फंक्शनच्या चूक हाताळण्याच्या जुन्या पद्धतीला फाटा दिला आणि त्यांना नवा शिक्का दिला. जुना शिक्का असलेलं फंक्शनही लायब्ररीत ठेवलं, म्हणून आधी बांधलेल्या बायनरी चालत राहतात. पण नव्या मशीनवर बांधताना लिंकर (प्रोग्रॅम लायब्ररीशी जोडणारं अवजार) नवा शिक्काच उचलतो. एका घातांकाच्या फंक्शनवरून अख्खा एडिटर अडतो तो असा.

म्हणून उत्तर एकच: गटातल्या सर्वांत जुन्या सिस्टिमवर बांधायचं. जीलिबसी मागची सुसंगती पाळते, पुढची नाही. २.१७ वर बांधलेलं २.३१ वर चालतं, उलट चालत नाही.

सेंटओएस ७ वर पॅकेज आणताना सर्व्हरवरच्या प्रतीचे पत्ते बदलावे लागले. आधार संपल्यावर मिररची जुनी यादी देणारा पत्ता बंद झाला आहे आणि पॅकेज व्हॉल्ट नावाच्या जुन्या संग्रहात हलवली गेली आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

सेंटओएस ७ वर बांधलेली बायनरी डेबियन ११ वर नेली. जीलिबसीने शब्द पाळला, पण एनकर्सेसने तसा शब्द कधी दिलेलाच नव्हता. बायनरी एनकर्सेसचा लिबटिइन्फो ५ हा भाग मागते, डेबियन ११ वर ६ आहे.

पर्याय दोन. डेबियनमध्ये लिबटिइन्फो ५ चं सुसंगतीचं पॅकेज मिळतं, ते प्रत्येक मशीनवर टाकायचं. किंवा सेंटओएसवर एनकर्सेसची स्टॅटिक लायब्ररी घेऊन तो भाग बायनरीतच जोडायचा. दुसरा घेतला. जीलिबसी नेहमीसारखी बाहेर, टर्मिनलची लायब्ररी आत. जीपीएम (कन्सोलवरचा माउस) आणि एसईलिनक्सचा (सुरक्षेची व्यवस्था) आधार कन्फिगरमध्येच बंद केला, एक्सचाही (खिडक्यांची ग्राफिकल व्यवस्था). प्रत्येक जास्तीची लायब्ररी म्हणजे दुसऱ्या मशीनवर तुटू शकणारा एक धागा. नंतर अवलंबित्वांची यादी पाहिली, मोजकीच नावं उरली आणि सगळी दोन्ही सिस्टिमवर आहेत.

२३ जानेवारी, गुरुवार

डेबियनच्या साध्या कन्सोलवर नवीन बायनरी सुरू झाली, पण ई५५८ ही चूक आली: टर्मिनलची नोंद टर्मइन्फोमध्ये (टर्मिनलांच्या माहितीच्या संग्रहात) सापडत नाही. रंग गेले, बाणांच्या कळा भलतीच अक्षरं उमटवू लागल्या. ग्राफिकल टर्मिनलमध्ये मात्र सगळं ठीक. एकाच मशीनवर असा फरक पडला की गोंधळायला होतं.

उलगडा असा: टर्मइन्फोच्या फाइली कुठे शोधायच्या ती ठिकाणं एनकर्सेस बांधतानाच लायब्ररीत कोरली जातात. सेंटओएसवाल्या लायब्ररीला ‘ईटीसी’ आणि ‘यूएसआर शेअर’ खालच्या दोन जागा माहीत आहेत. डेबियन ११ आपल्या मूलभूत नोंदी मुळातल्या ‘लिब’ डिरेक्टरीखाली ठेवतं. आता ती लायब्ररी बायनरीच्या पोटात आहे, म्हणजे सेंटओएसचे पत्ते घेऊनच ती डेबियनवर आली. ग्राफिकल टर्मिनलमध्ये निभावलं, कारण एक्सटर्मच्या जातीच्या टर्मिनलची माहिती व्हिममध्ये मुळातच असते.

एडिटर सुरू करणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. टर्मइन्फोच्या ठिकाणांचं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल तीन जागांवर लावायचं आणि मग खरी बायनरी चालवायची. दोन्ही सिस्टिमवर, कन्सोलवर आणि दूरस्थ लॉगिनमधून तपासलं. कळा नीट, रंग नीट.

२८ जानेवारी, मंगळवार

बाकीच्या मशीनवर वाटप सुरू. एका सहकाऱ्याने हौसेने स्वतःच बायनरी आपल्या मशीनवर नेली आणि ई११८७ आली, म्हणजे व्हिमला त्याची मूळ सेटिंगची फाइलच उघडता आली नाही. व्हिम म्हणजे फक्त बायनरी नव्हे. सिंटॅक्सचे रंग, मदतीची पानं, फाइलीचे प्रकार ओळखणं, हे सगळं रनटाइमच्या डिरेक्टरीत असतं आणि तिचा पत्ता बांधताना ठरतो. म्हणून वाटप होईल ते ‘ऑप्ट’ खालच्या अख्ख्या डिरेक्टरीचं, त्याच पत्त्यावर, टार फाइल (सगळं एकत्र बांधलेली एकच फाइल) आणि तिचा चेकसम मिळून. सिस्टिमचा मूळ व्हीआय जागचा हलवायचा नाही. कधी ‘ऑप्ट’ची डिस्क जोडली गेली नाही तर दुरुस्तीला तोच हाताशी असेल.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजचा सगळा दिवस देवनागरीत गेला. प्रयोगाच्या टिपणांत बरेच जण मराठीत लिहितात. सेंटओएसवर अशी फाइल उघडली की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा. डेबियनवर तीच फाइल ठीक.

फाइल बिघडलेली नाही हे आधी सर्वांना सांगितलं, कारण एक सहकारी ती पुन्हा टाइप करायला बसल्या होत्या. कचरा दिसत असताना फाइल सेव्ह न करणं हाच पहिला नियम. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘क’ म्हणजे ई०, ए४, ९५. एडिटरने एन्कोडिंग लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची एका बाइटची जुनी पद्धत) धरलं की या तीन बाइट तीन वेगळी अक्षरं होतात. ते धरलं जातं लोकेलवरून (भाषा आणि अक्षरपद्धतीच्या सिस्टिममधल्या सेटिंगवरून). आमच्या सामायिक प्रोफाइलमध्ये ‘सी.यूटीएफ-८’ हे लोकेल लिहिलं होतं. ते डेबियन कित्येक वर्षं स्वतःहून देत आलं आहे. मूळ जीलिबसीमध्ये ते २.३५ ला, २०२२ साली आलं, सेंटओएस ७ मध्ये ते नाहीच. लोकेल सापडलं नाही की सिस्टिम मुकाट्याने साध्या ‘सी’वर येते, आणि व्हिम लॅटिन-१ वर. दोन्ही सिस्टिमवर तयार केलेलं यूटीएफ-८ चं इंग्रजी लोकेल प्रोफाइलमध्ये टाकलं, शिवाय व्हिमच्या सेटिंगमध्ये एन्कोडिंग स्पष्ट लिहिलं.

एवढं करूनही टर्मिनलमधलं मराठी वाचायला त्रासदायकच आहे. व्हिमचा पडदा चौकटींचा. मात्रा आणि हलन्त आधीच्या व्यंजनाच्या चौकटीत कोंबले जातात, पुढचं व्यंजन वेगळ्या चौकटीत बसतं, त्यामुळे जोडाक्षर जुळत नाही आणि पहिली वेलांटी भलतीकडे दिसते. मजकूर बरोबर असतो, दिसतो तुटका. ज्यांना पानभर मराठी लिहायचं आहे त्यांना हे वापरायला लावणं मला योग्य वाटत नाही. त्यांच्यासाठी डेबियनच्या पॅकेजमधला माऊसपॅड हा साधा एडिटर. तो पँगो या लायब्ररीमार्फत अक्षरं मांडतो, जोडाक्षरं नीट येतात आणि ५१२ एमबी रॅमवरही हलका चालतो. ‘एकच एडिटर’ या मूळ मागणीला इथे मुरड घातली आहे आणि ती घातलीच पाहिजे होती.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विंडोज ७. व्हिमचीच ३२ बिटची तयार प्रत नेली, तीच सेटिंगची फाइल, चाललं. एका मशीनवर युनिव्हर्सल सी रनटाइमची फाइल सापडत नसल्याची खिडकी येत होती. तशी एकेक डीएलएल कुठूनतरी उतरवून टाकणं धोक्याचं आहे. मायक्रोसॉफ्टचा त्यासाठीचा अधिकृत अपडेट केबी२९९९२२६ आहे, तो टाकला. सॉफ्टवेअरच्या नव्या डिजिटल सह्या ओळखता याव्यात म्हणून एसएचए-२ चे अपडेटही सोबत टाकले. त्यांच्याविना आजचे इन्स्टॉलर जुन्या विंडोजला परके वाटतात.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही गटांत व्हिम ९.१ चालू आहे, एकाच सेटिंगवर. बांधणीच्या कमांड, कन्फिगरचे पर्याय आणि चेकसम सर्व्हरवर एका फाइलीत ठेवले आहेत, म्हणजे सुरक्षेचे नवे पॅच आले की पुन्हा बांधता येईल, ‘ब’ गटासाठी सेंटओएसवरच.

बाकी कामं: डेबियन ११ चा दीर्घकालीन आधार ऑगस्ट २०२६ मध्ये संपतो, त्याआधी अ‍ॅथलॉनवाल्या मशीनचं काय करायचं ते ठरवणं. रॅम बदललेल्या मशीनवर मेमटेस्ट आज रात्रभर लावून ठेवला आहे. निर्दोष निघालं तर उद्या तिथे आधी मोजमापाचं सॉफ्टवेअर पडताळायचं, एडिटर त्यानंतर.